बघण्यासारखं काय आहे

वालिदियाच्या थांब्यावर उतरलेला माणूस
पहिला प्रश्न हाच विचारतो.
बूशैब वल्ह्याच्या टोकाने दाखवतो:
ते खाजण. ती खडकातली खिंड. तो राजाचा बंद महाल.
ते गुलाबी ठिपके म्हणजे रोहित पक्षी.
अर्ध्या तासाचे पन्नास दिरहम, पोरं फुकट.

ऑगस्टात एवढं पुरतं.
मराकेशहून, कासाब्लांकाहून गाड्या भरभरून येतात,
पुळणीवर छत्रीला छत्री टेकते,
पाणी इतकं उथळ की रांगतं मूल
त्यात फतकल मारून वाळू खातं.
खडकांपलीकडे अटलांटिक डोकं आपटत असतो
आणि अलीकडे त्याचीच लेक
हिरवी, निळी, पुन्हा हिरवी होत
परकर सावरून बसलेली.

लल्ला बतूल मात्र यंदा फेब्रुवारीत आली,
एकटीच.
नवरा बावीस वर्षं म्हणत राहिला,
एकदा हिवाळ्यात येऊन बघू.
तिने काही विचारलं नाही.
होडीत बसली, पिशवी मांडीवर घेतली,
म्हणाली, चल.

मग बूशैबची पंचाईत झाली.
पाठ केलेलं सगळं घशातच राहिलं.
सुकती लागली होती,
कालवांचे लोखंडी मांडव पाण्यातून वर येत होते
बुडालेल्या गावातल्या खाटांसारखे,
आणि चिखलात रोहितांची रांग
मान खाली घालून चाललेली,
जणू कुणाचं कानातलं पडलंय
आणि ते सापडल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.
काठावर बायका वाकलेल्या, टोपल्या शिंपल्यांनी जड.
त्यांच्यात म्बारका, त्याची बायको,
अंगठ्यावर सुरीचा जुना व्रण.
तिने हात केला नाही. हात रिकामे नव्हते.

मिठागरांवरून वारा आला,
टोमॅटोच्या प्लॅस्टिकच्या घरांना
फडफड वाजवत गेला.

"तुला इथलं काय आवडतं?" लल्ला बतूलने विचारलं.

हे कुणी विचारलं नव्हतं.
तो चार हात वल्हवत राहिला, मग म्हणाला,
"वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते, लल्ला.
मला गाव दिसतं, लहान लहान होत जाणारं,
आणि समोर बसलेला पाहुणा.
खिंड मी बघत नाही.
खिंड मला लोकांच्या तोंडावर दिसते.
आधी डोळे बारीक होतात,
मग गप्पा थांबतात,
मग कुणीतरी काठ घट्ट धरतं.
तेव्हा कळतं, आली.
तिथून होडी वळवायची."

"आमच्या ह्यांच्या तोंडावर दिसायची?"
"सी द्रिस हसायचे.
दर वर्षी तेवढ्याच जागी.
मी त्यांच्या हसण्यावर होडी वळवायचो."

ती बराच वेळ बोलली नाही.
ओहोटीचं पाणी होडीखालून निघून चाललं होतं,
घाईत, किल्ली विसरलेल्या माणसासारखं.
तिच्या चेहऱ्याकडे तो बघत होता,
आज तिथे काहीच उमटेना.
खिंड आली की नाही?
बावीस वर्षांत पहिल्यांदा
त्याला वळण्याची जागा सापडेना.

"वळून बघ की," ती म्हणाली.

वल्ही वर उचलून त्याने मान वळवली.

दोन काळे खडक, मधे पांढरा धूर,
धुरात एक लाट उभी, आत यावं की नाही
या विचारात,
आणि तिच्या पलीकडे
कुणाच्याच नावावर नसलेलं एवढं पाणी.

तिने पन्नास दिले.
हिवाळ्याचा दर पंचवीस, तो म्हणाला,
पण सुटे नव्हते,
म्हणून डझनभर कालवं दिली, लिंबासकट.

रात्री म्बारका त्याच्या मानेला
कोमट तेल चोळत होती.
"इतकी वर्षं वल्हवतोस,
आजच कशी धरली?"
"वळून बघितलं."
"काय?"
तो उताणा झाला,
मान दुखली, पुन्हा कुशीवर वळला.
"आहे तिथे एक. दाखवीन."